सोसायटीच्या फलकावर मानसिक आरोग्याबद्दल नेमकं काय लिहावं?

नीलमोहर | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

येत्या १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ११२ घरं आहेत. दर वर्षी हॉलमध्ये व्याख्यान ठेवतात. चाळीसेक माणसं येतात, चहा-बिस्किटं होतात, पण ज्या घरात खरोखर काही चाललेलं असतं, त्या घरातलं त्या संध्याकाळी कुणीच खाली उतरत नाही. यंदा समितीने लिफ्टशेजारचा फलक वर्षभरासाठी द्यायचं कबूल केलंय. तीन फूट बाय दोन फूट. लिफ्ट येईपर्यंत माणूस अर्धा मिनिट उभा राहतो, तेवढ्यात वाचून झालं पाहिजे.

'मन मोकळं करा' वगैरे सुविचार नकोत. फोन कुणाला करायचा, जायचं कुठे, सोबत काय न्यायचं, घरच्यांनी काय करू नये, असं काहीतरी हवंय. जाणकारांनी कृपया लिहा.

अबोली_३१ | ३ ऑक्टोबर, रात्री ९.४२

सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत १४४१६. टेलि-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट. सुरुवातीला भाषा विचारतात, तिथे मराठी निवडता येतं. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज दिसली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही. 'मुलगा खोलीबाहेर येत नाही, काय करू?' असं विचारायला आईने केला तरी चालतो.

त्याच्याच खाली हेही लिहा की ही अँब्युलन्स नव्हे. जिवाला धोका असेल तर ११२ किंवा १०८.

गच्चीवरचा_वारा | ३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मत वेगळं आहे, राग नसावा. हल्ली मुलगा परीक्षेत नापास झाला की डिप्रेशन, नवरा-बायकोचं वाजलं की थेरपी. चाळीत दारं उघडी असायची. कुणाचा चेहरा उतरला की शेजारची काकू वाटीभर आमटी घेऊन हजर. फलकावर लिहायचंच असेल तर रोज पाऊण तास चालणं, प्राणायाम, रात्री अकराच्या आत झोप आणि मोबाइल दूर, एवढं लिहा. निम्मी दुखणी तिथेच मिटतात.

परळचा_निवासी | ३ ऑक्टोबर, रात्री ११.०३

वाराभाऊ, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा खराच उपयोग होतो, आम्ही तो लिहूनही देतो. पण मध्यम किंवा तीव्र नैराश्य असलेल्या माणसाला 'चालायला जा' सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिने चढायला सांगणं. त्याची ताकदच गेलेली असते आणि जमलं नाही की तो स्वतःला आणखी दोष देतो.

दुःख आणि आजार यांतला फरक ओळखायला एक सोपं साधन आहे, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मराठीत आहे, पाच मिनिटांत होतं. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरजेकडे न बघता भेटायचं. हे निदान नाही, चाळणी आहे.

आणखी एक. निदानाआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते.

बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता. शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मानसिक आजार होता. नीलमोहर, तुमच्या ११२ घरांना हा हिशेब लावून बघा, म्हणजे फलक कुणासाठी लावताय ते दिसेल.

शुद्धलेखन_प्रेमी | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

शब्दांचं आधी नीट करून घ्या, नाहीतर माणूस चुकीच्या दारात जातो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध हेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, थेरपी म्हणजे बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला लाजू नका. समुपदेशक हा तिसरा. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही स्वतःला समुपदेशक म्हणवतात, म्हणून शिक्षण विचारावं.

'मनोरुग्ण' हा शब्द फलकावर नको. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत आणि मदतगटांत आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर' असे शब्द रुळलेत. ज्या मुंबईत 'याला ठाण्याला न्या', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे भांडणातलं वाक्य आहे, तिथे हे शब्द लिफ्टशेजारी दिसले पाहिजेत.

तळमजला | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

+१. शुभंकर हा शब्द फार आवडला.

ओपीडी_खिडकी | ४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

पालिकेच्या रुग्णालयांबद्दल लिहिते, कारण खाजगीतली फी दर महिन्याला झेपत नाही म्हणून उपचार सुटतात. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर, आणि सरकारी जेजे. या सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. चिठ्ठी किंवा ओळख लागत नाही. केसपेपर काढायचा आणि 'मानसोपचार ओपीडी' म्हणायचं.

पहिल्या खेपेला अर्धा दिवस धरून जा. केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी रांगेत असलेलं बरं. आधी शिकाऊ डॉक्टर सविस्तर माहिती घेतात, मग वरिष्ठ बघतात. दोनदा तेच सांगावं लागतं म्हणून बरेच जण चिडून उठून जातात. तसं करू नका, पद्धतच तशी आहे.

आदल्या रात्री एका कागदावर हे लिहून ठेवा:

त्रास कधीपासून, आणि त्याआधी माणूस कसा होता. गेल्या दोन आठवड्यांत झोपायच्या-उठायच्या वेळा. जेवण, वजन. आधी कुठली औषधं घेतली, किती मिलिग्रॅम, किती दिवस, का थांबवली. बीपी, थायरॉइड, दमा, स्टेरॉइड असं चालू असलेलं सगळं. दारू किती, ती 'कधीमधी' अशी नको. आठवड्याला किती क्वार्टर ते आकड्यात. घराण्यात कुणाला असा आजार किंवा आत्महत्या. जुने रिपोर्ट.

हा कागद असला की दहा मिनिटांत दीड तासाचं काम होतं. घरच्यांनी सोबत जावं, पण डॉक्टरांनी 'जरा बाहेर बसा' म्हटलं की उठावं. सून सासूसमोर आणि मुलगा बापासमोर खरं सांगत नाही.

हार्बर_लाइन | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.५०

लोकलमध्ये अचानक छाती धडधडणं, श्वास अडकणं, 'आता मरतो' असं वाटणं, त्यावरही फलकावर काही देता येईल का? अशी माणसं गर्दीच्या गाड्या सोडतात, मग नोकरीच सोडतात.

सावकाश_श्वास | ४ ऑक्टोबर, रात्री ९.१५

@हार्बर_लाइन, हा पॅनिक अटॅक. फलकावर मावणार नाही, पण इथे नीट लिहिते.

पहिल्यांदाच झालं असेल तर आधी ईसीजी. चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह, बीपी किंवा तंबाखू असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसायचं नाही. हृदय ठीक निघालं की पुढचं.

झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस घाबरून आणखी भरभर श्वास घेतो. म्हणून नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा लांब हवा. कागदी पिशवीत श्वास घेऊ नये, मूळ त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर जिवावर बेतेल.

खरी गफलत पुढे होते. झटका ऐन भरात असताना माणूस पुढच्या स्टेशनवर उतरतो, बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट. ती उलटवायची तर पायऱ्या लागतात. मुलुंडच्या माणसासाठी उदाहरण:

१. दुपारी दोन ते चारमध्ये फलाटावर बाकावर वीस मिनिटं बसायचं. गाड्या जाऊ द्यायच्या.
२. सोबत कुणीतरी, स्लो लोकल, मुलुंड ते नाहूर. एकच स्टेशन.
३. तेच एकट्याने.
४. एकट्याने भांडुप, मग घाटकोपर.
५. घाटकोपर ते दादर फास्ट, मध्ये कुर्ला एवढंच.
६. शेवटी सकाळची गर्दी.

प्रत्येक पायरीवर भीतीला ० ते १० गुण द्यायचे. आठवरून चारवर येईपर्यंत तीच पायरी, चार-पाच दिवस लागले तरी चालेल. वरच्या पायरीवर उडी मारली की बहुतेक वेळा माणूस थेट पहिलीवर येऊन पडतो. दारात उभं राहायचं नाही, एक तर जिवाला धोका आणि दुसरं, 'दारात आहे म्हणून ठीक आहे' ही नवी कुबडी तयार होते. खिशातली झोपेची गोळी हीसुद्धा कुबडीच. हे थेरपिस्टच्या देखरेखीखाली केलं तर उत्तम.

गोळी_मोजून | ५ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

गोळीचा विषय निघालाच आहे तर औषधांच्या काउंटरवरून दिसणाऱ्या चुका लिहितो.

नैराश्याची औषधं, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन ही मंडळी, गुण यायला दोन ते चार आठवडे घेतात. मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. नेमक्या त्याच फटीत लोक दहाव्या दिवशी गोळी बंद करतात आणि 'औषधाने वाट लागली' म्हणतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

दुसरी चूक, बरं वाटलं की बंद. पहिल्या खेपेलाही पूर्ण बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. थांबवायचं ते डॉक्टरांच्या हिशेबाने, हळूहळू. एकदम तोडलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी. ती सवय लावतात. थोड्या दिवसांसाठी, साधारण दोन ते चार आठवडे, ठीक. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेणारे आजोबा रात्री लघवीला उठताना पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात. पण वर्षानुवर्षांची गोळी एका रात्रीत तोडायचीही नाही, फिट येऊ शकते.

परळचा_निवासी | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

गोळी_मोजून यांना पूर्ण अनुमोदन. त्यात दोन गोष्टी घालतो, दोन्ही आपल्या पंचांगाशी जोडलेल्या.

एक, लिथियम. बायपोलरच्या, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य अशा आजाराच्या, शुभार्थींना देतात. प्रभावी आहे, पण रक्तातली पातळी योग्य आणि विषारी यांत अंतर थोडं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन आलात तर आकडा चुकतो. निर्जळी उपास, ऑक्टोबरचं ऊन, जुलाब, यांनी अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही चढते. हात थरथरणं वाढलं, उलट्या-जुलाब, झोकांड्या दिसल्या की थेट हॉस्पिटल. नवरात्रात, एकादशीला उपास करायचा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, पाणी मात्र सोडूच नका. किडनी आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी.

दोन, श्रावण. रोज दीड-दोन क्वार्टर घेणारा माणूस श्रावण पाळतो म्हणून एका दिवसात दारू बंद करतो. घरचे खूश. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातपाय थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं, असंबद्ध बडबड. लोक म्हणतात बाहेरचं लागलं. ती वैद्यकीय आणीबाणी आहे, उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून, औषधं आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घेऊन.

नीलमोहर | ५ ऑक्टोबर, रात्री १०.०२

खूप आभार सगळ्यांचे. समितीत एक वाद झालाय. फलकावर 'आत्महत्या' हा शब्द लिहायचा का? दोघा-तिघांचं म्हणणं, लहान मुलं वाचतात, नसता विचार डोक्यात यायचा.

शुद्धलेखन_प्रेमी | ५ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मीही विरोधातच. 'टोकाचा विचार' लिहा. अर्थ पोचतो.

पुलाखालून | ५ ऑक्टोबर, रात्री ११.४८

पोचत नाही, शुद्धलेखनजी. गोल शब्दाला उत्तरही गोल मिळतं. 'टोकाचा विचार तर नाही ना करत?' याला 'नाही हो, छे' हेच उत्तर येतं, कारण विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फलकावर मोठा मथळा नको, पण एका ओळीत सरळ शब्द हवा. कृती, साधन, घटना यांचं वर्णन अजिबात नको.

विचारायची रीत अशी. आधी दिसलेली गोष्ट सांगायची: 'दोन आठवडे तू खाली खेळायला आला नाहीस, डबाही तसाच परत येतो.' मग गप्प बसायचं. मग सरळ: 'मरून जावंसं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?' 'हो' आलं की भाषण नको, आईबापांची शपथ नको. 'सांगितलंस, बरं केलंस' म्हणायचं आणि विचारायचं: कसं करायचं ते ठरवलंय का? साधन जवळ आहे का? कधी? ही तीन उत्तरं जितकी नेमकी, तितका धोका जास्त. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल.

वनरूम किचनमध्ये कुलूप लावायला कपाटही नसतं. म्हणून घरातली सगळी औषधं पिशवीत भरून शेजारी नेऊन ठेवा, हाताशी फार तर दोन-तीन दिवसांची. हा टोकाचा जोर बऱ्याचदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं की माणूस वाचतो.

कुणी काही घेतलंच असेल तर तो ठीक दिसला तरी थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रिकामी पाकिटं सोबत न्या.

शुद्धलेखन_प्रेमी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

पटलं. सरळ शब्दच ठेवा.

दप्तरी | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

'पोलीस केस होईल' या भीतीने लोक अजून लपवतात, म्हणून कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ च्या मे अखेरीस लागू झाला. कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण म्हणून घरी थांबायचं नाही.

त्याच कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे. बहुतेक पॉलिसींत भरती झाल्यावरचा खर्च मिळतो, दर आठवड्याच्या थेरपीचा मिळत नाही. पॉलिसी घेताना आजार लपवला तर मात्र दावा फेटाळतात.

आणि प्रत्येकाने बरा असतानाच नामनिर्देशित प्रतिनिधी नेमावा. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, बस. उद्या निर्णय घ्यायची क्षमता गेली तर डॉक्टर कुणाशी बोलतील हे आपण ठरवलेलं असतं. इच्छेविरुद्ध भरती करायची झाल्यास याच प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस.

ओली_बाळंतीण_मदत | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५५

बाळंतिणीसाठी एक ओळ ठेवाच. पहिल्या काही दिवसांतलं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही राहिलं तर ते नैराश्य, डॉक्टर हवेत. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, दूध तोडायची गरज बहुधा पडत नाही. पण झोप पूर्ण उडाली, भास होतायत, बाळाबद्दल विचित्र बोलतेय, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल.

गच्चीवरचा_वारा | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सगळं वाचलं. परळच्या डॉक्टरांचं पाय मोडलेल्याचं उदाहरण डोक्यातून जात नाही. माझा मुद्दा असा दुरुस्त करतो की आमटी हवीच, पण ती देताना काकूने केसपेपरच्या रांगेत सोबत यायची तयारीही दाखवावी.

एक सूचना. कुणाच्या घरातला दिवा रात्रभर चालू आहे, कुणी जेवण टाकलंय, हे वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना आधी कळतं. फलकाची एक प्रत हिंदीत करून केबिनमध्ये लावा.

पुलाखालून | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१२

उत्तम सूचना. जोडून आणखी एक अडचण. लिफ्टसमोर उभं राहून तो नंबर फोनमध्ये उतरवून घेणारा माणूस चारचौघांना दिसतो. गरज असलेला माणूस नेमका म्हणूनच तिथे थांबणार नाही. हाच मजकूर मेंटेनन्सच्या बिलामागे छापा. ते बिल दर महिन्याला ११२ घरांत जातंच.

नीलमोहर | ७ ऑक्टोबर, रात्री ८.४५

बिलाची कल्पना सेक्रेटरींनी जागच्या जागी मंजूर केली! मसुदा असा:

*१४४१६ – टेलि-मानस. २४ तास, मोफत, मराठीत. घरच्यांनीही फोन करावा.*
*जिवाला धोका: ११२ / १०८. माणसाला एकटं सोडू नका. औषधं शेजारी ठेवा.*
*आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही.*
*दोन आठवडे झोप, भूक, कामातलं मन उडालं असेल तर डॉक्टर. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे: केसपेपर काढा, मानसोपचार ओपीडी सांगा.*
*बाळंतिणीचं रडू दोन आठवड्यांपुढे गेलं तर डॉक्टर. भास किंवा झोप पूर्ण उडाली तर त्याच रात्री हॉस्पिटल.*
*औषध आणि दारू, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका.*
*ओपीडीत सोबत येणारे शुभंकर: नावं सोसायटीच्या ऑफिसात.*

ओपीडी_खिडकी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

शेवटची ओळ बदला. ऑफिसात नाव विचारायला गेलं की बातमी झालीच. ज्या तिघा-चौघांनी सोबत यायची तयारी दाखवली असेल त्यांच्या संमतीने त्यांचे फोन नंबर थेट बिलावरच छापा, आणि त्यात निदान दोन बायका असू द्या. 'ओपीडी'च्या पुढे 'रविवारी बंद' हेही घाला.

नीलमोहर | ७ ऑक्टोबर, रात्री ९.३१

दोन्ही बदल केले. चौघं तयार आहेत, त्यात तीन बायका. नंबर उद्या प्रेसला जातायत.